मोशेबुवांची चौदा कीर्तनं

नवीन पनवेल,
९ नोव्हेंबर २०२५

ती. इनॉकभाऊस,

शालोम. आदिनावहिनींना शालोम, नातीला, दानाला, माझा पापा. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण ते निवृत्त झाल्यापासूनच कुरकुरतात, त्यामुळे ती काही बातमी नव्हे. तुमच्या इस्राएलचं, अश्दोदचं, टीव्हीवर दिसतं तेवढंच कळतं. खुशालीचे दोन शब्द पाठवलेस तर बरं वाटेल, नाही पाठवलेस तरी मी विचारायची थांबणार नाही.

पत्र का, असं वहिनी विचारतील. तर फोनवर माझं नाव दिसलं की तू उचलत नाहीस, आणि घरच्या ग्रुपमधून तू कधीच बाहेर पडलास. पत्राला तसं करता येत नाही. पाकीट फोडलं की माणूस वाचतोच, मग भले रागाने का होईना.

आता ऐक. बाबांची चौदाच्या चौदा कीर्तनं सापडली आहेत. गलबताचं, तेलघाण्याचं, मोऱ्याच्या धक्क्याचं, सगळी. आणि ती मी सोडवली आहेत. मी म्हणजे मी, तहसील कचेरीतली मराठी टंकलेखक फ्लोरा, वय वर्षं अडुसष्ट. कॉम्प्युटरला जमलं नाही ते मी केलं. हे वाक्य मी गेले चार दिवस भेटेल त्याला ऐकवते आहे, तेव्हा तुलाही ऐकावं लागेल.

पहिल्यापासून सांगते. दोन हजार साली तू ऑफिस सुटल्यावर बसून बाबांची कीर्तनांची वही टाइप केलीस आणि तिची वेबसाइट केलीस, हे तुला मी सांगायला नको. फुकट जागा देणारी कुठली तरी परदेशी कंपनी होती. वर निळी पट्टी, खाली किती माणसं येऊन गेली त्याचा आकडा. बाबांना तू छापून दाखवलंस तेव्हा ते म्हणाले होते, मोशेबुवा आता अमेरिकेत कीर्तन करणार, उरणला मात्र कुणी बोलवत नाही. पुढच्या वर्षी तू गेलास. चार साली बाबा गेले. पाच साली वही गेली. ती कंपनी त्याआधीच बंद पडली होती आणि तिच्याबरोबर साइटही. झालं, बाबांचा एक शब्द कुठे राहिला नाही. तू त्यावरून मला फोनवर जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. वीस वर्षं झाली, आणि त्यानंतर नव्या वर्षाला तुझं कार्ड येतं त्यावर फक्त सही असते.

जुलैमध्ये कपाट आवरताना बाबांच्या टोपीच्या डब्यात तुझं जुनं व्हिजिटिंग कार्ड सापडलं. मागे तुझ्या अक्षरात साइटचा पत्ता लिहिलेला. आमच्या मजल्यावर वल्लरी राहते, शशिकलाबाईंची मुलगी. घरी बसून कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते आणि दुपारी माझ्याकडे चहाला येते. तिला सहज दाखवलं. म्हटलं, हे मेलेलं आहे, पण बघ. ती म्हणाली, मावशी, इंटरनेटवर मेलेलं सगळंच जळत नाही. एक संस्था आहे म्हणे, ती कित्येक वर्षं जगभरच्या वेबसाइटींच्या प्रती काढून ठेवते. बंद पडलेल्यांच्यासुद्धा. तिने पत्ता घातला, तारीख निवडली, दोन हजार दोनमधली. आणि तुझी निळी पट्टी समोर आली रे. आकड्याच्या जागी दोनशे बारा. मी चहा तसाच ठेवला.

पण पट्टीखाली बाबा नव्हते. खाली नुसता कचरा होता. इंग्रजी अक्षरं, मध्येच अर्धविराम, मध्येच डॉलरची खूण. ओळीच्या ओळी तशाच. वल्लरीने समजावलं की तेव्हा मराठीला कॉम्प्युटरमध्ये स्वतःची जागाच नव्हती. आत इंग्रजी अक्षरंच साठवायची आणि वरून मराठी दिसणारा फाँट चढवायचा. फाँट काढला की मराठी गेली. आता युनिकोड आहे, त्यात क हा कच असतो, कुठल्याही फोनवर, अगदी तुझ्या अश्दोदलासुद्धा. तू वापरलेला फाँट कुणा लहानशा कंपनीचा होता. ती कंपनी नाही, फाँट नाही.

पोरगी हरणारी नव्हे. जुन्या फाँटांचं युनिकोड करून देणारी तीन यंत्रं तिने लावून पाहिली. ती दुसऱ्या फाँटांसाठी होती, त्यामुळे अर्धी ओळ मराठी आणि अर्धी बोबडी यायची. मग तिने ते हल्ली सगळ्यांच्या तोंडी असलेलं एआय लावलं. त्याने पाच सेकंदांत गलबताचं कीर्तन सुबक मराठीत लिहून दिलं. ऐक:

कृपा प्रभूची, तरली नौका, सुखरूप आले सारे ।
आनंदाने गाती किनारी, मंद वाहती वारे ॥

आणि खाली लिहिलेलं की हे मुळाशी तंतोतंत जुळतं. वल्लरी टाळ्या वाजवायच्या बेतात होती. मी म्हटलं, थांब बाई. हे आमच्या बाबांचं नाही. आमच्या कीर्तनात आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या खडकांवर फुटतं, सात पुरुष आणि सात बायका वाचतात आणि बाकीचे बुडतात. तिथे बाबा पेटी थांबवायचे आणि सगळी मंडळी बुडालेल्यांसाठी उभी राहायची. सगळेच वाचले तर आम्ही उभे कशाला राहत होतो? वल्लरीने त्याला तसं खडसावलं, तर त्याने माफी मागितली आणि दुसऱ्या खेपेला निम्मे बुडवले. वर बुडालेल्यांना नावंही दिली. नावं, भाऊ. जी बाबांना ठाऊक नव्हती, त्यांच्या आजोबांना ठाऊक नव्हती, ती या शहाण्याला ठाऊक. मी ते बंदच करायला लावलं.

मग ती घरी गेली आणि मी त्या कचऱ्याकडे बघत बसले. पहिला शब्द होता व्ही, के, ई, पी, मग अर्धविराम, मग पुन्हा के. मी काही विचार करत नव्हते. हात टेबलावर होते आणि बोटं आपसूक हलली. व्हीवर अ. केवर काना. ईवर म. अरे, म्हटलं, हे तर 'आमच्या' आहे. पुन्हा केलं. पुन्हा 'आमच्या'.

तुझ्या फाँटने इंग्रजी कीबोर्डावर आपला मराठी टाइपरायटरच बसवला होता. ज्या कळीवर टाइपरायटरचा क, त्याच कळीवर इंग्रजीचा डी. एकतीस वर्षं मी त्या कळा बडवल्या, सातबाऱ्याचे उतारे, जप्तीच्या नोटिसा, निवडणुकीच्या याद्या. डोळ्यांना तो कचरा दिसत होता, बोटांना मराठी दिसत होती. मी वल्लरीच्या दारावर अशी थापा मारत गेले की शशिकलाबाईंना वाटलं गॅस गळतोय.

त्यानंतर तीन महिने आम्ही दोघींनी रोज दुपारी दोन ते चार बैठक घातली. मी कोऱ्या टेबलावर बोटं चालवायची आणि बोलायची, ती लिहून घ्यायची. कळांच्या वरच्या ओळीतली जोडाक्षरं फाँटवाल्याने स्वतःच्या मर्जीने हलवली होती, ती आजूबाजूच्या शब्दांवरून ताडली. कुठली कळ म्हणजे कुठलं अक्षर, असा सगळा तक्ता झाल्यावर तिने त्याचा छोटा प्रोग्राम केला. यंत्राला तोंडाला येईल ते बोलायची मुभा नाही, तक्त्यात आहे तेवढंच करायचं. मग प्रत्येक ओळ मी तपासली.

आणि तपासताना तू सापडलास. तुला टायपिंग मीच शिकवलं होतं ना, आपल्या मोहल्ल्यातल्या घरात, कचेरीतून निकालात काढलेल्या त्या मशिनवर? तुझी डाव्या हाताची करंगळी तेव्हाही आळशी होती. अनुस्वार मारायला जायचास आणि शेजारची मात्रा मारून यायचास. पंचवीस वर्षांनी तीच चूक, पानोपानी. वल्लरीला वाटलं आमचा तक्ताच चुकला. मी म्हटलं, तक्ता बरोबर आहे, भाऊ चुकलाय. एकशे त्र्याऐंशी ठिकाणी तुझी करंगळी सुधारली आहे. जगातल्या कुठल्या कॉम्प्युटरला हे कळलं असतं सांग.

खरी ओळ ही बघ:

सात गडी अन् सात बायका वाळूवरती आली ।
बाकी नावं कुणी न पुसली, लाटांखाली न्हेली ।
उठा मंडळी, उभे राहा, ती आपलीच होती सारी ।
त्यांच्यापाठी दिवा नाय कुणी लावला आजवरी ॥

हे बाबा. हे 'नाय' बाबांचं. उरणच्या मोऱ्याला वाढलेला माणूस, कीर्तनातही तसाच बोलायचा.

बुधवारी साइट सुरू झाली. तीच निळी पट्टी ठेवायला लावली. आता फोनवर 'मोशेबुवा कीर्तन' असं शोधलं की पहिलं तेच येतं. आणि आज सकाळी इस्राएल मोहल्ल्यात सिनेगॉगच्या पडवीत मी गलबताचं कीर्तन वाचलं. हो, मी, फोन हातात धरून. तेरा माणसं होती. हल्ली प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमायची मारामार, त्यात तेरा म्हणजे गर्दीच. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. 'उठा मंडळी' आलं आणि पंच्याऐंशी वर्षांचे बेनकाका काठी टेकून उभे राहिले. मग सगळे. वल्लरीही उठली, तिचा आपल्या गलबताशी काय संबंध, पण उठली. मी खूप रडले आणि वाचत राहिले. इतकी खूश मी आयुष्यात दोन-तीनदाच झाले असेन.

वाचून झाल्यावर बेनकाका म्हणाले, शब्द आले, चाल कुठंय? पेटीवर बाबांच्या शेजारी तू बसायचास, मी नव्हे.

फेब्रुवारीत बाबांना शंभर वर्षं होतील. त्याचं पुढे लिहीन. वहीबद्दल काही लिहीत नाही, पुरात गेली, पाण्याचं पाण्याबरोबर गेलं. आता साइट बघ म्हणजे झालं.

तुझी बहीण,
फ्लोरा

*

नवीन पनवेल,
१३ नोव्हेंबर २०२५

इनॉकभाऊ,

वरचं पत्र अजून टाकलेलं नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. ते आधी वाच, म्हणजे मी किती फुशारकी मारत होते ते तुला कळेल. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. शेवटचा परिच्छेद सोडून.

मंगळवारी वल्लरीला तुझ्या साइटवर आणखी एक पान मिळालं. खाली आकड्याच्याही खाली, बारीक राखी अक्षरांत त्याचा दुवा होता, आम्हा दोघींच्या नजरेतून सुटलेला. ती म्हणाली, प्रोग्राममधून काढून देते. मी म्हटलं, नको, छोटं आहे, मी हातानेच वाचते. टेबलाशी बसले आणि एकेक कळ मारत गेले. तू काय लिहिलंयस ते तू विसरला असशील, म्हणून जसंच्या तसं उतरवते:

"ही कीर्तनं माझ्या वडिलांची. मी आता देश सोडून चाललो आहे, पण वही नेत नाही. ती पनवेलला माझी बहीण फ्लोरा हिच्याकडे ठेवली आहे. बाबांना आणि वहीला तिच्याइतकं कुणी सांभाळणार नाही. या पानांत काही चुकलं असेल तर तिच्याकडे जाऊन मूळ पाहावं. टायपिंगही तिनेच शिकवलं. चुका मात्र माझ्या."

हे सगळं माझ्या बोटांतून एकेक अक्षर करत आलं. नुसतं डोळ्यांनी वाचलं असतं तर कदाचित मी निभावून नेलं असतं.

जायच्या आधी तू मला तीनदा म्हणाला होतास, फ्लोरा, एकदा साइट बघ. मी बघितली नाही. तुझ्यावर रागावले होते. तू चाललास आणि बाबा माझ्या पदरात टाकून चाललास, एवढंच मला दिसत होतं. त्यांची शेवटची तीन वर्षं कशी गेली ते मी तुला कधी सांगितलं नाही, आजही सांगत नाही. मला ते काम नको होतं असं नाही. मला कुणीतरी विचारायला हवं होतं.

मग बाबा गेले. तुला येता आलं नाही. दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं की वही आता माझ्याकडे पाठव, कीर्तन मुलाकडे जातं. एवढंच लिहिलं होतंस. तुझं दुःख त्यात असेल, मला ते तेव्हा वाचता आलं नाही. मी ते पत्र डब्यात ठेवलं आणि पुढचे कित्येक महिने भांडी घासताना, कचेरीत टाइप करताना ते वाक्य मला ऐकू यायचं.

भाऊ, वही पुरात गेली नाही.

सव्वीस जुलैला मोहल्ल्यात पाणी भरलं, हे खरं. पण वही त्याआधी मे महिन्यात गेली. रद्दीवाला दारात आला होता. मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधला, तुझं ते वाक्य पुन्हा डोक्यात आलं, आणि मी उठून वही आणली आणि गठ्ठ्यात घातली. चुकून नाही. वर सुतळीची गाठही मीच मारली. त्याने तराजूत टाकली तेव्हा मी बघत होते. तासाभरात मी भानावर आले. धावत त्याच्या दुकानी गेले, तर तो म्हणाला, बाई, टेम्पो मघाशीच भरून गेला. कुठे गेला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी दोन महिने कुणाशी धड बोलले नाही. मग पूर आला आणि मला आयती सबब मिळाली. तू ऑगस्टमध्ये फोन केलास तेव्हा ती सबब तोंडातून इतकी सहज निघाली की मलाच खरी वाटली. वही माळ्यावर ठेवायला काय झालं होतं, असं तू ओरडलास, आणि मी उलटी तुझ्यावर ओरडले, की इथे असतास तर कळलं असतं. निष्काळजीपणाचा ठपका मी वीस वर्षं मुकाट्याने घेतला. कारण खरा ठपका त्याहून वाईट होता.

काल मी वल्लरीला सगळं सांगितलं. तिच्यापुढे प्रश्न होता की ते पान साइटवर घालायचं की नाही. ती म्हणाली, मावशी, राहू दे ना, ते एक पान कुणाला माहीत आहे? मी म्हटलं, त्यात लिहिलंय मूळ माझ्याकडे येऊन पाहा. उद्या कुणी आलं तर मी काय दाखवू?

तेव्हा पान घातलं आहे. तुझा शब्द न् शब्द, आणि त्याच्याखाली माझं नाव घालून मी स्वतः टाइप केलं आहे: "मूळ वही आता नाही. मे २००५मध्ये मी ती रागाच्या भरात रद्दीत घातली आणि भावाला पुरात गेली असं सांगितलं. या पानांवरची अक्षरं मी एकेक करून तपासली आहेत. जे वाचलं ते इनॉकने टाइप करून ठेवलं होतं म्हणून वाचलं." मोहल्ल्यात आता सगळ्यांना कळेल. बेनकाकांना मी आज सकाळी स्वतः जाऊन सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले, मग म्हणाले, जेवून जा.

तुला हे आधी सांगून मग घालायला हवं होतं, हे मला कळतं. पण आधी सांगितलं असतं आणि तू माफ केलं असतंस, तर मी ते लिहिलं नसतं. मला मी ठाऊक आहे.

आता माझं दुसरं बोलणं ऐक, आणि हे मी मान खाली घालून बोलत नाही. मी बाबांना रद्दीत घातलं, आणि मीच त्यांना शोधून काढलं. दोन्ही खरं आहे. आणि मधली वीस वर्षं त्यांना तू सांभाळलंस, तुझ्या त्या बोटांनी आणि आळशी करंगळीने, आपल्या दोघांनाही पत्ता नसताना. तुला वाटत होतं मी तुझं गमावलं. मी तुझं गमावलंच होतं, पण तू माझ्यासाठी आधीच राखून ठेवलं होतंस. हे मंगळवारपासून मला झोपू देत नाही आणि हसवतंही आहे.

चौदा कीर्तनांचे शब्द आता कुणाच्या रागाने जाणार नाहीत. वल्लरीने चार ठिकाणी प्रती ठेवल्या आहेत आणि त्या संस्थेलाही नवी साइट कळवली आहे. पण चाली कुठेही ठेवलेल्या नाहीत. त्या कुठल्या फाँटमध्ये नव्हत्या आणि कुठल्या वहीत नव्हत्या. मला ध्रुवपदं तेवढी येतात, तीही बेसूर. बाकी सगळं तुझ्या गळ्यात आहे, आणि तू चौऱ्याहत्तर वर्षांचा आहेस. हे वाईट वाटेल म्हणून न बोलण्याचे दिवस संपले.

फेब्रुवारीत ये. नाहीच जमलं तर दानाला फोन धरायला सांग आणि चौदाही गाऊन पाठव, पेटी नसली तर नुसतं टेबल वाजव. माझ्याशी बोलू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही पाठव, वेगळ्या फाइलमध्ये. पण गा. मी इथे प्रत्येक ओळीपुढे तुझा आवाज लावणार आहे, म्हणजे ज्याला कुणाला मोशेबुवा ऐकायचे असतील त्याला ते तुझ्या गळ्यातून ऐकता येतील. तू लिहिलंस ते बरोबरच होतं, कीर्तन मुलाकडे जातं. ते घे आता.

वाट पाहते आहे, आणि तुझ्यापासून लपवायला आता काही उरलेलं नाही,

तुझी धाकटी,
फ्लोरा